तोंडी परीक्षा : गुण वाटण्याची की शिकण्याची?

फेब्रुवारी महिना उजाडला की शाळाशाळांतून तोंडी परीक्षांची लगबग सुरू होते. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, हाती दोन तासिका आणि टेबलावर गुणांचा तक्ता. मुलगा आत येतो, हाताची घडी घालून उभा राहतो. "नाव काय? वडील काय करतात? एखादी कविता म्हण बरं." चार ओळी होतात न होतात तोच "बस, पुढचा" अशी हाक जाते आणि तक्त्यात २० पैकी १७ किंवा १८ असा आकडा पडतो. मी स्वतः अनेक वर्षे भाषा शिकविली व अशाच परीक्षा घेतल्या, तेव्हा हे दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. एका वर्षी तर मुले मैदानावर कवायत करीत असताना शिक्षकखोलीत चहा पिता पिता मी सगळा तक्ता भरून काढला. कोणी हरकत घेतली नाही. पालक खूश, मुले खूश, मुख्याध्यापकही खूश.

हे गुण किती मोलाचे मानले जातात ते २०१९ साली सर्वांना कळले. त्या वर्षीच्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून टाकण्यात आले होते. राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता, तो २०१९ मध्ये ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, म्हणून सगळी घसरण तोंडीच्या गुणांवर घालता येणार नाही. तरीही ओरड झाली ती प्रामुख्याने या गुणांसाठीच, आणि काही महिन्यांतच ते परत आणावे लागले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.)

या सगळ्या वादात एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. त्या २० गुणांच्या मोबदल्यात मुलाला बोलायला आले काय? आपल्या समाजातील मुलांच्या बाबतीत या प्रश्नाचे महत्त्व दुप्पट आहे. ज्यांच्या घरी पुस्तकी भाषा बोलली जाते, त्यांना तोंडी परीक्षेने काही दिले नाही तरी चालते. आपला मुलगा पुढे नोकरीच्या मुलाखतीला बसतो, तेव्हा त्याच्या दहावीच्या तोंडीतले १८ गुण त्याच्या मदतीला येत नाहीत. लेखी परीक्षेत पहिल्या फळीत आलेली आपली मुले मुलाखतीच्या खोलीतून घामाघूम होऊन बाहेर पडताना मी पाहिली आहेत. फुकट मिळालेल्या गुणांची किंमत ती अशी उशिरा मोजतात.

वस्तुतः तोंडी प्रश्नोत्तराची परंपरा आपल्याला परकी नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात राजगृहाच्या पहिल्या संगीतीची हकिकत आली आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पाचशे भिक्षू जमले. महाकस्सपांनी उपालींना विनयाविषयी प्रश्न केले : पहिला पाराजिक नियम कोठे घालून दिला गेला, कोणाच्या निमित्ताने, कोणत्या गोष्टीबद्दल? उपालींनी वैशाली हे स्थळ व सुदिन्न हे नाव सांगितले. आनंदांना सुत्तांविषयी विचारले गेले, तेव्हा ब्रह्मजाल सुत्त राजगृह व नालंदा यांच्या दरम्यान अंबलट्ठिका येथील राजविश्रामगृहात सांगितले गेले, असे त्यांनी सांगितले. विचारणारा अडवण्यासाठी विचारीत नव्हता आणि सांगणाराही गुणांसाठी सांगत नव्हता. जे एकाच्या स्मरणात होते ते प्रश्नांच्या वाटेने सर्वांच्या कानी जावे व पक्के व्हावे, हा त्या प्रश्नोत्तराचा हेतू. खुद्दकपाठातील कुमारपञ्ह तर लहान सामणेरांसाठीच आहे. एकापासून दहापर्यंत दहा प्रश्न आहेत. चार म्हटले की आर्यसत्ये, आठ म्हटले की अष्टांगिक मार्ग. सात वर्षांच्या सोपाकाला खुद्द भगवंतांनी हे प्रश्न विचारले, असे परंपरा सांगते. परीक्षा आणि पाठ ही दोन्ही एकाच बैठकीत होत.

आता आजच्या काळातील चांगली तोंडी परीक्षा कशी चालते ते पाहू. अमेरिकेत परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्यांना परदेशी भाषा खरोखर बोलता येते की नाही हे तपासण्यासाठी १९५० च्या दशकात एक मुलाखतीची पद्धत बसविण्यात आली. पुढे तेथील भाषाशिक्षकांच्या संघटनेने ती शाळा-महाविद्यालयांसाठी जुळवून घेतली व १९८६ साली तिची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. ही मुलाखत दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती ध्वनिमुद्रित केली जाते. तिचे चार टप्पे आहेत. सुरुवातीला साध्या गप्पा, म्हणजे समोरच्याची भीती जाते. मग परीक्षक त्याला जे सहज जमते ते शोधतो. याला आपण 'तळ' म्हणू. त्यानंतर मुद्दाम एक पायरी वरचा प्रश्न विचारून तो कोठे अडखळतो ते पाहतो. हे त्याचे 'छत'. तळ आणि छत सापडेपर्यंत हे खालीवर होणे चालते. शेवटी पुन्हा सोप्या विषयावर येऊन, त्याला हसत बाहेर पडू देऊन मुलाखत संपते.

पायऱ्याही समजून घेण्यासारख्या आहेत. अगदी खालच्या पायरीवरचा माणूस पाठ केलेले शब्द व वाक्येच बोलतो. त्याच्या वरचा स्वतःची वाक्ये जुळवून साध्या प्रश्नांना उत्तरे देतो, स्वतःही प्रश्न विचारतो. त्याच्या वरचा घडलेली गोष्ट क्रमाने सांगतो, वर्णन करतो, काल-आज-उद्या यांत गफलत करीत नाही. सर्वांत वरचा आपले मत मांडतो, त्याचे समर्थन करतो आणि 'असे झाले असते तर' अशा कल्पनेच्या प्रांतातही बोलू शकतो.

एक उदाहरण घेऊ. आठवीतली मुलगी समोर बसली आहे. "तुमच्या वस्तीत पाणी केव्हा येतं?" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात येईल. "पाणी भरायची तुमच्याकडची पद्धत मला सांग, मी तुमच्या वस्तीत कधी आलो नाही," असे म्हटले की तिला वर्णन करावे लागेल. "ज्या दिवशी पाणी आलंच नाही त्या दिवशी काय झालं?" आता ती गोष्ट सांगू लागेल. बहुतेक मुले येथे रंगतात. हंडे, रांग, भांडण, शाळेला झालेला उशीर सगळे बाहेर पडते. "प्रत्येक नळाला मीटर बसवावं असं काही लोक म्हणतात, तुला काय वाटतं?" येथे मत आले. "तू नगरसेविका असतीस तर पहिल्या महिन्यात काय केलं असतंस?" हे छत. विषय एकच, घरचा, तिच्या रोजच्या ओळखीचा. परंतु पाच प्रश्नांत तिची भाषा कोठवर पोचते हे शिक्षकाला कळले. तिला स्वतःलाही ते कळले. हेच प्रश्न इंग्रजीतून विचारले तर बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नावर छत लागेल, आणि मग सोमवारच्या इंग्रजीच्या तासाला काय शिकवायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही. तिला भूतकाळातली गोष्ट सांगता येत नाही, तर तेथून सुरुवात करायची.

याउलट "माझा आवडता छंद यावर बोल" या प्रश्नाने फक्त पाठांतर कळते. येथे आपल्या समाजाविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. १४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत आपली मुले दहा-दहा मिनिटे न अडखळता भाषण करतात. आवाज, हातवारे, बाबासाहेबांच्या जीवनातील सनावळी, सर्व तोंडपाठ. टाळ्यांचा कडकडाट होतो. मात्र भाषण संपल्यावर त्याच मुलाला "तू आत्ता चवदार तळ्याबद्दल बोललास, त्या दिवशी तेथे काय घडलं ते मला तुझ्या शब्दांत सांग" असे म्हणून पाहावे. पुष्कळदा तो त्याच भाषणातले वाक्य पुन्हा म्हणू लागतो, किंवा गप्प होतो. मुलात दोष नाही. आपण त्याला बोलायला शिकविले नाही, म्हणायला शिकविले. स्पर्धेच्या नियमांत एवढीच दुरुस्ती करावी की प्रत्येक भाषणानंतर परीक्षक दोन प्रश्न विचारतील आणि निम्मे गुण त्या उत्तरांना असतील. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, काही पालक रागावतीलही. दुसऱ्या वर्षापासून मुलांना भाषणे लिहून देणारे काका-मामा आपोआप बदलतील, कारण जशी परीक्षा तशी तयारी, हा शिक्षणातला जुना अनुभव आहे.

परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेली 'आयईएलटीएस' ही इंग्रजीची परीक्षा याच जातीची आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमुळे आपली मुले आता तिकडे जाऊ लागली आहेत, म्हणून तिची माहिती असावी. तिचा बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. प्रथम ओळखीच्या गोष्टींवर प्रश्न, मग एक विषयपत्रिका देऊन एक मिनिट विचाराला व दोन मिनिटांपर्यंत बोलायला, आणि शेवटी त्याच विषयाशी निगडित चर्चा. गुण चार गोष्टींना सारखे दिले जातात : ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची विविधता व अचूकता, आणि उच्चार. उच्चारात पाहिले जाते ते समोरच्याला सहज समजते की नाही. उमेदवाराची बोलण्याची ढब भारतीय आहे एवढ्यावरून गुण कापले जात नाहीत. इंग्रजांसारखे तोंड वाकडे करून बोलायला शिकविणाऱ्या शिकवण्यांवर पैसे घालविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

गंमत अशी की इंग्रजीच्या परीक्षेत जो न्याय मिळतो तो आपल्याच मराठीच्या परीक्षेत आपल्या मुलाला मिळत नाही. 'आनी' आणि 'पानी' म्हटले की परीक्षकाच्या कपाळाला आठी पडते. मुलाने सांगितलेली गोष्ट कितीही रसाळ असो, 'न' आणि 'ण' यांच्यातच गुण अडकतात आणि पोराच्या मनात कायमचे बसते की आपल्याला बोलता येत नाही. मग तो बोलतच नाही. चुल्लवग्गातच आणखी एक प्रसंग आहे. जन्माने ब्राह्मण असलेल्या, गोड आवाजाच्या दोन भिक्षू बंधूंनी तक्रार केली की नाना गोत्रांचे, नाना कुळांचे भिक्षू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत. ते छंदसात घालण्याची अनुज्ञा द्यावी. तथागतांनी ती नाकारली व बुद्धवचन 'स्वतःच्या' भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. अट्ठकथाकार बुद्धघोषांनी 'स्वतःची' म्हणजे भगवंतांची मागधी, असा अर्थ केला आहे. पुष्कळ आधुनिक अभ्यासक मात्र ज्याची त्याची भाषा असाच अर्थ घेतात, आणि प्रसंगाचा रोख पाहता मला तोच पटतो. याचा अर्थ प्रमाण मराठी शिकवू नये असा नाही. ती शिकविलीच पाहिजे, कारण अर्ज, पेपर आणि मुलाखत तिच्यातच आहे. परंतु बोलीत सांगितलेल्या गोष्टीला आधी गोष्ट म्हणून गुण द्यावेत, आणि मग "हेच कलेक्टर कचेरीत सांगायचं असेल तर कसं सांगशील?" असा पुढचा प्रश्न विचारावा. त्याने मूल एक भाषा टाकत नाही, दुसरी कमावते.

आता शिक्षकांकडे वळू, कारण माझ्या मते तोंडी परीक्षेचा सर्वांत मोठा फायदा विद्यार्थ्यापेक्षाही परीक्षकाला होतो. वर्षभर शिक्षक साठ चेहऱ्यांसमोर बोलत असतो. एका मुलासमोर दहा मिनिटे बसून त्याचे ऐकण्याची वेळ त्याला बहुधा या परीक्षेतच मिळते.

'असर' या पाहणीचे उदाहरण पाहा. मुंबईत १९९५ च्या सुमारास कामाला लागलेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून ग्रामीण भारतात ही पाहणी सुरू केली. स्वयंसेवक घरोघर जाऊन एकेका मुलासमोर बसतो आणि एक कागद देतो. त्यावर अक्षरे, शब्द, पहिलीच्या तोडीचा परिच्छेद आणि दुसरीच्या तोडीची गोष्ट असते. आधी परिच्छेद वाचायला देतात. तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही जमले तर अक्षरे. काही मिनिटांचे काम. कागद इतका साधा की कोणीही हसावे. पण पाचवीत शिकणारे मूल परिच्छेदावर अडते आणि शब्दांवर उतरते, तेव्हा समोर बसलेल्या महाविद्यालयीन स्वयंसेवकाला जे समजते ते अहवालाची शंभर पाने वाचून समजत नाही. याच तपासणीच्या आधारे मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीप्रमाणे गटांत बसवून शिकविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. म्हणजे परीक्षेतून अध्यापन निघाले.

परीक्षकाचे प्रशिक्षण असे काही फार खर्चाचे काम नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी पद्धतीत होऊ घातलेले परीक्षक काही दिवसांच्या कार्यशाळेत एकमेकांसमोर प्रत्यक्ष मुलाखती घेतात, त्या ऐकून चर्चा करतात आणि आपण दिलेली पातळी का दिली याचे पुरावे मुलाखतीतूनच देतात. अधिकृत मुलाखतीचे ध्वनिमुद्रण दुसरा परीक्षक स्वतंत्रपणे ऐकतो. दोघांचे जुळले नाही तर तिसरा ऐकतो. केंब्रिजच्या इंग्रजी परीक्षांत तर दोन परीक्षक एकाच खोलीत असतात : एक बोलतो, दुसरा फक्त ऐकतो व गुण देतो. ही कामाची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. बोलणाऱ्याला तपशीलवार गुणांची चिंता नाही, ऐकणाऱ्याला पुढच्या प्रश्नाची चिंता नाही.

आपल्या संस्थेच्या विहारातील रविवारच्या अभ्यासवर्गात हे सहज करता येईल. शिकविणारे बहुतेक तरुण पदवीधर आहेत, त्यांनी डी.एड. वा बी.एड. केलेले नाही. दोघांनी जोडीने बसावे, एकाने बोलावे, एकाने ऐकावे, पुढच्या मुलाला जागा बदलावी. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे. चार मुले झाली की थांबावे आणि चहाच्या वेळी त्यातले एक मुद्रण सर्वांनी मिळून ऐकावे. प्रत्येकाने आपला आकडा आधी कागदावर लिहावा आणि मगच तोंड उघडावे, नाहीतर वयाने मोठ्या माणसाचा आकडा सर्वांचा होतो. एकाने १२ व दुसऱ्याने १७ दिले असतील तर खरे प्रशिक्षण तेथून सुरू होते. "तुम्ही १७ कशाला दिले?" या प्रश्नाचे उत्तर मुद्रणातले वाक्य दाखवून द्यावे लागते; 'हुशार मुलगा आहे' किंवा 'आमच्या शेजारचा आहे' हे चालत नाही.

पहिले मुद्रण ऐकताना बहुतेक शिक्षक ओशाळतात. दहा मिनिटांत आपणच सात मिनिटे बोललो, हे त्यांना तेव्हा कळते. मलाही ते असेच कळले. प्रश्न विचारून आपण थांबत नाही, ही दुसरी खोड. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७४ मध्ये यावर लिहिले आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, असे त्यांना वर्गांतील ध्वनिमुद्रणांवरून आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून अधिक वाढविले तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, आणि जी मुले एरवी गप्प असत तीही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे मनातल्या मनात त्रिशरणाची एक ओळ म्हणण्याइतका वेळ. तेवढेही आपल्याला धीर धरवत नाही!

मुलांसाठी मुद्रणाचा उपयोग याहून सोपा आहे. परीक्षा झाल्यावर आठवड्याभरात त्याला त्याचे मुद्रण ऐकवावे. त्याने स्वतःच एक वाक्य निवडावे, जे त्याला आता अधिक चांगले म्हणता येईल, आणि ते म्हणून दाखवावे. एकच वाक्य. आपण दहा चुकांची यादी हाती दिली की मूल पुन्हा फिरकत नाही. परीक्षा चालू असताना तर चूक मुळीच सुधारू नये, 'मी कल गावाला गेलो' म्हटले तर परीक्षकाने आपल्या पुढच्या वाक्यात सहजपणे "काल गावाला गेलास, मग काय झालं?" असे म्हणावे, एवढे पुरे. जूनचे मुद्रण जपून ठेवावे आणि जानेवारीत दोन्ही लागोपाठ ऐकवावीत.

मुद्रणाबाबत काही पथ्ये आहेत. ते करण्यापूर्वी मुलाला व पालकांना विचारावे. मुलींच्या बाबतीत तर मुद्रण कोणाच्या खासगी मोबाइलवर राहता कामा नये. संस्थेचा एक साधा फोन त्यासाठी बाजूला काढावा आणि तो कपाटात कुलपात असावा. कोणाचे बोलणे गमतीखातर व्हॉट्सॲपवर गेले, तर त्या मुलाचेच नव्हे, साऱ्या वर्गाचे तोंड बंद होईल. बैठकही नीट असावी. टेबलापलीकडे तीन शिक्षक आणि अलीकडे एक उभे मूल, ही कचेरीची मांडणी झाली. सतरंजीवर समोरासमोर बसावे, पंखा बंद ठेवावा (मुद्रणात त्याचीच घरघर येते), आणि पहिला प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर परीक्षकाला खरोखरच ठाऊक नाही. मी गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलाला विचारले की तुझी आई भाजीच्या गाड्यावर उरलेल्या पालेभाजीचे रात्री काय करते. त्याने सहा मिनिटे सांगितले. ओली गोणपाटे, पहाटेचा बाजार, कोथिंबीर का टिकत नाही, मेथी का टिकते. मध्ये दोनदा त्यानेच मला विचारले, "सर, तुम्ही कधी जुडी बांधलीय का?"